पिठाचा कोंबडा

बुऱ्हाणपुरातल्या मराठी घरात चिनी पद्धतीचे मोमो करायचं ठरलं की पहिला वाद भांड्यावरून होतो. वाफवायला सर्वांत सोयीचं भांडं म्हणजे मोदकपात्र: खाली पाणी, वर दोन चाळण्या, घट्ट झाकण. भाद्रपदात गणपतीच्या नैवेद्यासाठी जे फळीवरून खाली येतं, त्यात खिमा भरलेल्या पाऱ्या ठेवायच्या का? नातवंडं म्हणतात, घासलं की झालं. आजी म्हणते, दुसरं भांडं आणा. खाण्याच्या हौसेतून निघालेला हा प्रश्न थेट धर्माच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि त्याला घाईने उत्तर देणाऱ्यांनी तो पुरता ऐकलेलाच नसतो.

धर्मशास्त्र इथे आजीपेक्षा सैल आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचं प्रकरणच आहे. तांबं आंबटाने आणि पाण्याने, कासं-लोखंड राखेने, मातीचं भांडं पुन्हा भाजून, असं वस्तूगणिक शुद्धीचं शास्त्र तिथे सांगितलं आहे. धातूला लागलेला विटाळ जातो, हे स्मृतिकारांना मान्य होतं. माती मात्र शोषून घेते, म्हणून तिला पुन्हा आवा दाखवायचा. स्टीलचं मोदकपात्र त्यांच्यापुढे आलं असतं तर त्यांनी राख-पाण्यावर ते सोडून दिलं असतं, असं मानायला हरकत नाही. मग आजीचा आग्रह कुठून येतो? एक भांडं एकाच कामासाठी राखून ठेवलं की त्या कामाचं मोल वाढतं, या जाणिवेतून. भांडं अशुद्ध होईल ही भीती त्यात कमी असते, ते राखलेलं आहे ही भावना जास्त. ही भावना शास्त्रापेक्षा जुनी असावी आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शिवाय मराठी घरांनी मांस आणि नैवेद्य एका छपराखाली नांदवायची रीत केव्हाच शोधून काढलेली आहे. कोकणात आणि घाटावरही अनेक समाजांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो: कुठे मटण, कुठे चिंबोऱ्या. त्याच मखरात गणपती बसलेला असतो आणि त्याला मांस चालत नाही. मग नैवेद्य दाखवताना गणपतीपुढे पडदा धरतात. एक देव खातो, एक खात नाही, मधे कापड. कुणाची श्रद्धा मोडत नाही. दोघांनाही आपापलं पान मिळतं.

बुऱ्हाणपूर हे असे पडदे धरत, कधी दूर सारत, जगत आलेलं शहर आहे. तापीच्या काठी फारुकी सुलतानांनी ते वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या चिश्ती सत्पुरुषाचं नाव त्याला दिलं. इथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, तो 1590 चा. शहराजवळची दर्गा-ए-हकीमी दाऊदी बोहऱ्यांचं मोठं तीर्थ आहे. दूरदूरचे यात्रेकरू तिथे उतरतात आणि एका थाळाभोवती बसून जेवतात. शहरात शिखांचा गुरुद्वारा आहे, स्वामिनारायण मंदिर आहे. कबीरपंथाच्या पारख शाखेचं ठाणं इथेच आहे. कबीराच्या बीजकावरची ‘त्रिज्या’ ही टीका लिहिणारे पूरणसाहेब एकोणिसाव्या शतकात याच शहरात होते. आणि बीजकातला कबीर बळी देणाऱ्या पंडिताला आणि सुरी फिरवणाऱ्या मुल्लाला एकाच दमात जाब विचारतो. रावेर-जळगावकडून आलेली माळकरी घरं, जैन व्यापारी, विणकर मोमीन, निमाडी शेतकरी अशी माणसं शेजारी-शेजारी राहतात. इथे एका ताटात काय असावं हा प्रश्न रोजचा आहे.

पीठ लाटून आत काहीतरी दडवायची कलाही इथे नवी नाही. नर्मदेपलीकडे मांडूत, माळव्याचा सुलतान गियासशाह याच्या दरबारी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ‘निमतनामा’ नावाचा सचित्र पाकग्रंथ आकाराला आला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात समोशांच्या किती कृती आहेत! खिमा, कांदा, सुंठ, मधेच वांग्याचा गर. पुढे अकबराच्या फौजेबरोबर अबुल फजल खानदेशात आला. असीरगड जानेवारी 1601 मध्ये पडला, त्या मोहिमेत तो होता. त्याच्या ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही स्वयंपाकघराच्या यादीत ‘कुताब’ आहे, आणि हिंदुस्थानातले लोक त्याला संबुसा म्हणतात अशी नोंदही आहे. त्याच यादीत मांसाशिवाय होणाऱ्या पदार्थांचा एक वेगळा वर्ग आहे, ‘सूफियाना’. अकबर ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करत असे, त्या दिवसांसाठीचा. बोहऱ्यांचा धुरी दिलेला खिमा समोसा आणि मोमो यांच्यात अंतर फार नाही: एकाला तूप-तेल लागतं, दुसऱ्याला वाफ.

मराठी स्वयंपाकघरातही हेच. दिवाळीची करंजी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचे खिम्याचे कानवले एकाच घाटाचे. एकात खोबरं-साखर, दुसऱ्यात खिमा. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळेलच असं नाही. खानदेशात डाळीचे फुणके वाफवतात आणि कढीबरोबर खातात. त्यांना पारी नसते, पण वाफेचं तंत्र तेच.

आता प्रत्यक्ष कृती. ती नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार तिच्यातूनच निघतो.

अडीचशे ग्रॅम मैद्याला साधारण सव्वाशे मिलिलिटर पाणी लागतं. उकळून घ्यायचे असतील तर पीठ गार पाण्यात भिजवतात, म्हणजे चिवटपणा टिकतो आणि पारी पाण्यात फुटत नाही. वाफवायचे असतील तर गरम पाणी घेतात; उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, चिवटपणा कमी होतो आणि पारी मऊ राहते. मोदकाच्या उकडीचंही तत्त्व हेच, फक्त तिथे तांदळाची पिठी असते आणि चिवटपणा मुळातच नसतो. पीठ ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्यायचं. मग पुरीपेक्षा लहान पाऱ्या लाटायच्या, मधे जाड आणि कडेला पातळ, कारण मुखऱ्या पाडताना कडा एकमेकींवर येतात आणि जाड राहिल्या तर तिथे पीठ कच्चं राहतं. मोदक वळायची सवय असलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिच्या बोटांना चुण्या ठाऊक असतात.

भाजीच्या सारणात कोबी मुख्य. तो बारीक चिरून मीठ लावून वीस मिनिटं ठेवायचा आणि फडक्यात घट्ट पिळायचा. मीठ त्यातलं पाणी ओढून बाहेर काढतं. हे पाणी राहिलं तर पारी आतून भिजते आणि उचलताना तळ सुटतो. गाजर, पातीचा कांदा, आलं, फरसबी, थोडी मिरपूड, सोया सॉस. मांसाच्या सारणात बकऱ्याचा किंवा कोंबडीचा खिमा. तो अगदी कोरडा, बिनचरबीचा असला तर वाफवल्यावर चामट होतो. चिनी स्वयंपाकी खिम्यात मीठ आणि चमचाचमचा पाणी घालून तो एकाच दिशेने ढवळत राहतात. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात, एकमेकांना धरतात आणि घातलेलं पाणी आत बांधून ठेवतात. म्हणून चांगल्या डम्पलिंगचा घास फोडला की रस येतो. चाळणीला तेलाचा हात लावायचा किंवा केळीचं पान अंथरायचं. बुऱ्हाणपूर-रावेरच्या पट्ट्यात केळीच्या पानाची वाण नाही. मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं. कोंबडीचा खिमा असेल तर एखादा फोडून आतपर्यंत शिजल्याची खात्री करायची.

दोन चाळण्या असतील तर भाजीचे वर ठेवायचे, मांसाचे खाली. वाफ वर चढते, पण रस खाली ठिबकतो. उलट ठेवलं तर वरच्या खिम्याचं पाणी खालच्या कोबीवर पडेल. शाकाहारी माणसासाठी ही बारकाई म्हणजे सौजन्य नव्हे, त्याचा तो हक्क आहे. वाफेबरोबर मांसाचा वास भाजीच्या चाळणीत येईलच, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. ज्याला तोही नको असेल त्याच्यासाठी भाजीचा घाणा आधी काढावा लागतो, निराळ्या पाण्यावर.

झाकण उघडलं की मात्र दोन्ही सारखेच दिसतात. पांढरे, किंचित पारदर्शक, चुणीदार. आत कुणाचा जीव गेला आहे आणि कुठे फक्त कोबी आहे, हे बाहेरून सांगता येत नाही. इथे खरा प्रश्न सुरू होतो.

चीनमध्ये या पदार्थाच्या कुळाशी एक दंतकथा जोडलेली आहे. तिसऱ्या शतकात शू राज्याचा सेनानी झूगे लियांग दक्षिणेच्या मोहिमेवरून परतत होता. वाटेत लू नदीला पूर आला. नदीचा कोप शांत करायचा तर माणसांची मुंडकी वाहावी लागतील, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. युद्धात आधीच पुष्कळ माणसं मेली आहेत, आता आणखी मारणार नाही, असं तो म्हणाला. त्याने पिठाचे गोळे माणसाच्या डोक्याच्या आकाराचे करायला लावले, आत जनावरांचं मांस भरलं आणि ते नदीला अर्पण केले. पूर ओसरला. वाफवलेल्या ‘मानथौ’चा उगम चिनी लोक या कथेत सांगतात. इतिहास म्हणून ती धरू नये. चौदाव्या शतकातल्या ‘तीन राज्यांच्या’ कादंबरीने ती घरोघरी नेली. पण तिच्यातला नैतिक सौदा विचार करायला लावणारा आहे. माणूस वाचला. त्याच्या जागी पीठ आलं. पिठाच्या आत मात्र जनावर होतंच.

पुढचं पाऊल कथेत नाही, इतिहासात आहे. दक्षिण चीनच्या लियांग घराण्याचा सम्राट वू हा कडवा बौद्ध. त्याने 517 साली राजघराण्याच्या पितृपूजेतले पशुबळी बंद केले आणि पशूंऐवजी पिठाचे आकार वाहायला सांगितलं. दरबारातल्या जुन्या लोकांना ते पटलं नाही. पूर्वज उपाशी राहतील अशी त्यांना काळजी होती. म्हणजे तीनशे वर्षांच्या अंतरात, कथेत आणि व्यवहारात मिळून, माणसाच्या जागी पीठ आणि मग जनावराच्या जागीही पीठ. शिनजियांगमध्ये तुर्फानजवळच्या अस्ताना इथल्या थडग्यांत थांग काळातली खरीखुरी डम्पलिंग सापडली आहेत, वाळलेली, पण घाट न मोडलेली. कुणीतरी ती मृतासाठी केली होती.

भारतात याच प्रश्नावर जे घडलं ते जास्त गुंतागुंतीचं आणि जास्त खोल आहे.

ऐतरेय आणि शतपथ या ब्राह्मणग्रंथांत एक विलक्षण आख्यान येतं. यज्ञाला योग्य असं जे सत्त्व, ते आधी माणसात होतं. देवांनी माणसाचा बळी दिला तेव्हा ते त्याच्यातून निघून घोड्यात गेलं, घोड्यातून बैलात, मग मेंढ्यात, मग बोकडात, आणि शेवटी जमिनीत शिरलं. देवांनी जमीन खणली तेव्हा ते धान्याच्या रूपात हाती आलं. म्हणून तांदळाचा पुरोडाश (यज्ञातली पिठाची भाकर) वाहणं म्हणजे पशूच वाहणं. शतपथ तर पुढे जाऊन अंगांची यादी देतो: पिठी म्हणजे लोम, पाणी घातलं की त्वचा, मळलं की मांस, भाजलं की हाड, वर तूप सोडलं की मज्जा. पीठ मळणारे हात इथे एक शरीर घडवत आहेत. पिठाच्या गोळ्याकडे इतक्या गांभीर्याने पाहणारं दुसरं वाङ्मय शोधूनही सापडणार नाही.

या आख्यानाचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. पीठ पशूइतकंच समर्थ आहे, तर पशू मारायची गरज उरत नाही. माध्व परंपरेने हा मार्ग धरला आणि यज्ञात पिष्टपशू, म्हणजे पिठाचा पशू आणला. खऱ्या पशूचेच आग्रही असलेल्या वैदिकांशी त्यांचे त्यावरून वादही झाले. पण पीठ पशूइतकंच पशू आहे असं मानलं, तर ते कापणाऱ्याच्या हाताला पाप का लागू नये?

हा दुसरा प्रश्न जैनांनी विचारला, आणि त्यासाठी एक अख्खी कथा रचली. उज्जयिनीचा राजा यशोधर. त्याची राणी दुसऱ्याच्या नादी लागलेली. राजाला ते कळतं, मन विटतं. संन्यास घ्यायला निमित्त हवं म्हणून तो आईला एका अशुभ स्वप्नाची गोष्ट सांगतो. आई घाबरते, देवीला प्राण्यांचा बळी दे म्हणते. अहिंसा मानणारा राजा नाही म्हणतो. आई हट्ट धरते. अखेर तोडगा निघतो: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. पिठाचाच तर आहे! राजा तलवार चालवतो. त्यानंतर राणी दोघांना विष घालते, आणि मग आई व मुलगा जन्मामागून जन्म प्राण्यांच्या योनीत फिरत राहतात. मोर होतात, कुत्रा होतात, बोकड होतात. एका जन्मात त्याचंच मांस त्याच्याच श्राद्धाच्या पानात वाढलं जातं. शेवटी ती दोघं कोंबडा-कोंबडी होऊन मरतात आणि तेव्हा कुठे पुन्हा मनुष्यजन्म मिळतो.

सोमदेवसूरींनी 959 साली, राष्ट्रकूटांच्या अमलात, ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथात ही कथा सांगितली. त्याच शतकात पुष्पदंताने मान्यखेटात ती अपभ्रंशात, ‘जसहरचरिउ’ म्हणून लिहिली. मराठी वाचकाला जवळचं वाटावं असं म्हणजे, पुष्पदंताचं हे काव्य प्रा. प. ल. वैद्यांनी संपादून 1931 मध्ये वऱ्हाडातल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेतून प्रसिद्ध केलं. कारंज्याच्या जैन भांडारांनी अशी हस्तलिखितं शतकानुशतकं सांभाळली होती. आणि 1980 मध्ये गिरीश कार्नाडांनी याच गोष्टीवर ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक लिहिलं. नावाचा अर्थच पिठाचा कोंबडा.

एका पिठाच्या कोंबड्यासाठी इतके जन्म? प्रथम वाचताना शिक्षा अघोरी वाटते. पण कथाकारांनी नेम बरोबर धरलेला आहे. यशोधराने पीठ कापलं म्हणून दोष लागला नाही. त्याने कोंबडा कापायचाच संकल्प केला होता. पीठ ही त्या संकल्पाला मिळालेली पळवाट होती. देवीने ते जिवंत कोंबड्यासारखं स्वीकारावं हीच त्याची प्रार्थना होती. हिंसेचं मूळ हातात नसून मनात असतं, हे जैन मत इथे त्याच्या टोकापर्यंत नेलेलं आहे. सम्राट वू आणि यशोधर यांनी केलेली कृती दिसायला एकच. दोघांची मनं मात्र विरुद्ध दिशांना तोंड करून होती. वूला मारणं थांबवायचं होतं. यशोधराला न मारता मारल्याचं फळ हवं होतं.

आता हा पिठाचा कोंबडा आजच्या स्वयंपाकघरात कुठे आहे ते पाहू. मध्य प्रदेश म्हणजे सोयाबीनचा प्रदेश. सोयाबीनवरची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदूरला आहे. सोयाच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक केल्या की जो भरडा होतो त्याला बाजारात ‘सोया खिमा’च म्हणतात. आलं, मिरपूड, सोया सॉस घालून तो पारीत भरला तर पोत खिम्याच्या पुष्कळ जवळ जातो. चीनच्या बौद्ध मठांनी गव्हातल्या चिवट ग्लुटेनपासून मांसासारखे पदार्थ करायची परंपरा कितीतरी आधीपासून जोपासली. तर मग सोया खिम्याचा मोमो खाणारी माळकरी मुलगी यशोधर आहे का? काही कर्मठ जैन आणि वैष्णव घरांत हो असंच उत्तर मिळतं: मांसाच्या रूपाची, चवीची आठवणही नको. हे मत आदराने ऐकावं, पण ते पटत नाही. त्या मुलीला कुठलाही जीव मेलेला नको आहे. तिला शेजारच्या मैत्रिणीबरोबर एका ताटलीतून, एकाच चटणीत बुडवून खायचं आहे. तिचा संकल्प सोबतीचा आहे. यशोधराच्या कथेची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर तीच कथा तिला मोकळं सोडते.

ती कसोटी जिथे कठोर होते ती जागा वेगळी आहे: न कळत खाणाऱ्याच्या बाबतीत.

बौद्ध विनयात भिक्षूसाठी मांसाचा नियम होता. आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही आणि तशी शंकाही नाही, असं तीन बाजूंनी शुद्ध मांस भिक्षेत आलं तर घेता येतं. संघात मांस-मासे पूर्ण बंद करावेत अशी देवदत्ताची मागणी बुद्धाने मानली नाही. आणि बुद्धाचं शेवटचं जेवण, चुंद लोहाराने वाढलेलं ‘सूकरमद्दव’, हे नेमकं काय होतं यावर अजून एकमत नाही. कुणी डुकराचं मांस म्हणतं, कुणी अळंबी. मराठीत हा विषय निर्भयपणे मांडला तो धर्मानंद कोसंबींनी. गोव्यातल्या सांखवाळात 1876 मध्ये जन्मलेल्या या पंडिताच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. प्राचीन जैन श्रमणांच्या आहाराबद्दल त्यात जे लिहिलं त्यावरून जैन समाजात मोठी नाराजी झाली. कोसंबींच्या मनात जैनांविषयी द्वेष असता तर त्यांनी पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर इतक्या जिव्हाळ्याने पुस्तक लिहिलं नसतं. 4 जून 1947 रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला तोही अन्नत्याग करून, जैन परंपरेतल्या व्रतस्थासारखा. मांस खाल्लं गेलं की नाही हा त्यांच्या लेखी इतिहासाचा प्रश्न होता, आणि कसं जगावं-मरावं हा वेगळा. दोन्हींची गल्लत त्यांनी केली नाही. आजच्या तापलेल्या वादांत ही शिस्त फार दुर्मिळ झाली आहे.

विनयाचा तो नियम खाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. भिक्षेच्या पात्रात जे पडतं ते उघडं असतं; डोळ्यांना दिसतं, विचारता येतं. मोमोत तीच वाट बंद होते. न दिसणं हा त्या पदार्थाचा घाटच आहे. खाणाऱ्याने पाहिलं नाही, ऐकलं नाही, शंकाही घेतली नाही, आणि तरी तोंडात खिमा आला, तर त्याच्याकडे दोष जात नाही. दोष कुठेतरी जातोच, आणि तो जातो पारी मिटणाऱ्याकडे. चुंदाबद्दल बुद्धाने आनंदाला मुद्दाम सांगून ठेवलं होतं की त्याला कुणी दोष देऊ नये, त्याच्या अन्नाचं पुण्य मोठं आहे. चुंदाने काही लपवलं नव्हतं; त्याच्याकडचं उत्तम ते वाढलं होतं. ही क्षमा ज्याने सारण माहीत असून सांगितलं नाही त्याला लागू होत नाही.

सरकारलाही हे उमगलं. पाकिटातल्या अन्नावर शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका आणि मांसाहारी असेल तर तपकिरी खूण, ही सक्ती भारतात 2001 पासून आहे. रंग न ओळखणाऱ्यांची अडचण लक्षात घेऊन 2020 च्या नियमांत मांसाहाराच्या खुणेत गोलाऐवजी त्रिकोण आला. पण हा ठिपका पाकिटावर असतो, घरच्या ताटलीत नाही. तिथे खूण हातानेच करावी लागते, आणि ती पारी मिटतानाच होते. भाजीच्या मोमोला मोदकासारखा वर टोक काढून गोल घाट, खिम्याच्या मोमोला करंजीसारखा अर्धचंद्र आणि मुरड. चिनी घरांतही सारण वेगळं असेल तर चुणी वेगळी पाडायची पद्धत आहे. नव्या वर्षाला एखाद्या जिआओझीत, म्हणजे तिथल्या डम्पलिंगमध्ये, नाणं दडवतात, ते ज्याला मिळेल तो भाग्यवान. त्या दिवशी मात्र खूण मुद्दाम करत नाहीत. मराठीत याचं भावंड म्हणजे मिठाची संकष्टी: एकवीस मोदकांत एक मिठाचा, बाहेरून सगळ्यांसारखाच, आणि तो तोंडात आला की व्रत करणाऱ्याने तिथेच थांबायचं. दडवण्याला धर्मात जागा आहे, पण जेव्हा खाणाऱ्याला दडवलेलं आहे हे आधी माहीत असतं तेव्हाच.

गाडीवर मोमो विकणाऱ्यांकडे ही खूण बहुधा नसते. दोन्ही प्रकार एकाच घाटाचे, एकाच डब्यात एकावर एक रचलेले, चिमटाही एकच. निमाड-खानदेशातल्या गावांत जिथे माळकरी, जैन, कबीरपंथी गिऱ्हाईक रोज येणार, तिथे दोन निराळे डबे आणि दोन चिमटे हवेतच. मुसलमान गिऱ्हाइकाचा प्रश्न निराळा: मांस हलाल आहे का, सॉसमध्ये दारूचा अंश आहे का. चीनमधल्या ह्वे मुसलमानांनी मेंढीच्या मांसाचे जिआओझी करून आणि दुकानावर आपली खूण लावून याचं उत्तर कधीच दिलेलं आहे. आणि जैन गिऱ्हाइकाला तर हिरवा ठिपकाही पुरत नाही. त्यात कांदा आहे का, लसूण, आलं, गाजर आहे का, हे त्याला विचारावं लागतं. घरी केलेल्या ताटलीबद्दलही तो हेच विचारेल. तेव्हा राग न मानता, कोबी कुठल्या विळीवर चिरला आणि पीठ कुणी मळलं इथपासून सगळं सांगायची तयारी असली पाहिजे. आणि त्याने कांद्याशिवायचे वेगळे मागितले, तर उरलेल्या पिठात आठ-दहा पाऱ्या आणखी लाटल्या जातील इतका कोबी मीठ लावण्याआधीच बाजूला काढून ठेवलेला असावा.